खापराची आण

मी खापर बोलतोय. तुम्ही लोक एकमेकांच्या डोक्यावर फोडता ते नव्हे. मी मांड्याचं खापर, गोल बुडाचं, पातळ अंगाचं, चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडं. खाली जाळ, वर माझी पाठ, आणि पाठीवर मांडा, म्हणजे आमच्या खानदेशातली हातभर रुंद पुरणपोळी. पोळपाट-लाटणंवाल्यांनी मध्ये बोलू नये. मांडा लाटत नाहीत. सैल कणकेचा, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, मनगटं फिरवत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा आणि अलगद माझ्यावर टाकायचा. मनगटाचं तेवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

माझा जन्म शिंदखेड्याकडच्या एका कुंभाराच्या आव्यात झाला. सरलाबाईने मला विकत घेतलं ते एकोणीसशे एकोणऐंशी साली. तिच्या नवऱ्याला, हिलालला, सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, काम लागलं होतं आणि ती बिऱ्हाड घेऊन निघाली होती. तिने माझ्या तीन भावंडांना बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि नापास केलं. माझा आवाज तिला आवडला. भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये ती मला मांडीवर घेऊन बसली आणि सहा वर्षांची लेक, वर्षा, खाली गाठोड्यावर. एक माणूस म्हणाला, "बाई, पोरीला वर घ्या ना, मडकं ठेवा खाली."

"पोर पडनी तं रडी आनि उठी," सरलाबाई म्हणाली. "खापर उठाव नही."

त्या दिवशी मला वाटलं, या घरात आपलं बरं चालणार.

सुरतेत भेस्तानला त्यांची एक खोली होती आणि मागे थोडी मोकळी जागा. तिथे तीन विटांची चूल मांडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला, पितरांना मी चुलीवर चढायचो. एक मांडा भाजून होईपर्यंत सरलाबाईचे हात रिकामे असत आणि हात रिकामे असले की तिचं तोंड सुरू होई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घराण्यातल्या चार पिढ्यांच्या बायका तिला तोंडपाठ होत्या. तिची एक आजेसासू नवऱ्यावर रुसली आणि महिनाभर वरणात मीठ घातलं नाही. नवऱ्याने चकार शब्द काढला नाही, रोज दोन वाट्या वरण जास्तच प्यायला. शेवटी म्हातारीलाच रडू आलं. ही गोष्ट मी पंधरा वेळा ऐकली असेल, आणि प्रत्येक वेळी वर्षा चुलीत फळकूट सरकवता सरकवता विचारायची, "मग गं आई?"

या घरात आणखी एक बाई होती, तिचं नाव चंचल. हिलालची धाकटी बहीण. नऊ वर्षांची असताना आखाजीच्या झोक्यावरून पडली, डावं मनगट मोडलं आणि हाड बसवणाऱ्याने ते वाकडं बसवलं. तळहात वर व्हायचाच नाही. बाकी सगळी कामं ती झपाट्याने करायची, बांगड्या भरल्या की हात कुणाच्या नजरेतही येत नसे. पण मांडा तिच्याने व्हायचा नाही. आणि बारडोलीहून आपल्या मुलासाठी तिला बघायला आलेल्या कलाबाईंनी पहिली फर्माईश केली ती मांड्यांची. आमच्याकडे सून पसंत करायची ती तिच्या हातचा मांडा खाऊन.

सरलाबाईने क्षणभर नणंदेकडे बघितलं आणि पदर खोचला. पाहुणे पुढच्या खोलीत, चूल मागे. मांडे केले सरलाबाईने, ताट घेऊन गेली चंचल. कलाबाईंनी मांडा उजेडाकडे धरला, त्यातून पलीकडचा माणूस दिसला, आणि लग्न ठरलं.

खोटं बोलणं वाईट, हे मला कळतं. पण त्या दिवशी माझी पाठही जरा जास्तच नीट तापली होती, हे कबूल करतो.

चंचलचा नवरा योगराज साखर कारखान्यात होता. त्याला मनगटाचं लवकरच कळलं, नवऱ्यापासून काय लपणार? त्याने आईला सांगितलं नाही. चंचलने सासरी सांगून ठेवलं होतं, "मांडा मन्हा माहेरना खापरवरच होस." म्हणून दरवर्षी ती आखाजीच्या चार दिवस आधी माहेरी यायची आणि आखाजीच्या सकाळी पहिल्या बसने मांड्यांचं टोपलं घेऊन परतायची. तिच्या सासरी पितरांची घागर भरायची, नैवेद्याला तेच मांडे. कलाबाई साऱ्या गल्लीत सुनेच्या हाताची तारीफ करायच्या. पंधरा वर्षं हे असं चाललं.

चौऱ्याण्णव साली, पितृपक्षात, सुरतेत प्लेग आला. सुरत रिकामी झाली. हिलालचं कुटुंब एका ट्रकमध्ये चढलं आणि सरलाबाईने कपड्यांचं एक गाठोडं ठेवून मला घेतलं. सुरतेची माणसं म्हटलं की गावोगाव लोक दारं लावून घेत होते. बारडोलीत कलाबाईंच्या गल्लीनेही लावली. कलाबाई दारात उभ्या राहून ओरडल्या, "मन्ही व्हऊना भाऊ शे तो! या, मजार या." सुनेच्या भावाचं सगळं बिऱ्हाड त्यांनी घरात घेतलं, आणि अंगणात मला बघून त्या हरखल्या. खापर आपल्या पायाने घरी आलं, आता पितरांचे मांडे चंचल माझ्या अंगणातच करील, म्हणाल्या.

सरलाबाईने तिथल्या तिथे एक चाल शोधून काढली. म्हणाली, आमच्या घराण्यात खापरापुढे माहेरच्या बायांशिवाय कोणी उभं राहत नाही. कलाबाईंनी ते मुकाट्याने मानलं. पहाटे अंगणाच्या कोपऱ्यात साड्यांचा आडोसा करून तिघी बसल्या. वर्षा तेव्हा एकवीस वर्षांची होती. जाळ घालायला तिसरं माणूस हवं होतं म्हणून तिला घेतलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा आत्याला बांगड्या मागे सारून ते मनगट शेकताना पाहिलं आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

मी अजून थंड होतो. चंचलने वर्षाचा हात धरला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"खापरनी आण घे. कोनले सांगाव नही."

"नाही सांगणार, आत्या. खापराची आण."

तिचा तळवा मला अजून आठवतो, घामेजलेला होता. माझ्यावर हात ठेवून आजवर कुणी काही बोललं नव्हतं. मला मोठाच मान मिळाल्यासारखं वाटलं.

वर्षा तेव्हा लिहायला लागली होती. मराठी शाळेत शिकलेली, मराठी मासिकांत तिच्या कथा छापून यायच्या, बायकांच्या, सासर-माहेरच्या, स्वयंपाकघरातल्या. मिठाची गोष्ट छापून आली तेव्हा हिलालने ती खात्यातून आल्यावर मोठ्याने वाचून दाखवली आणि सरलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "जशीनी तशी शे." कथेत मीही होतो. वाचक बायकांची पत्रं यायची, खापर कुठे मिळेल म्हणून. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू? मातीच्या भांड्याला यापेक्षा काय हवं!

मग तिचं लग्न झालं, ती सुरतेतच अडाजणला फ्लॅटमध्ये राहायला गेली. शहाण्णवच्या दिवाळी अंकात तिची कथा आली आणि तिला बक्षीस मिळालं. ते घ्यायला ती पुण्याला निघाली. जाता जाता अंक आईच्या हातात देऊन गेली.

"मन्ही गोष्ट शे का?" सरलाबाईने विचारलं.

"हो गं, तुझीच. मांड्यांची."

झालं! सरलाबाईला एवढं पुरे होतं. हिलाल बोनसच्या गडबडीत होता, त्याने अंक उघडला नव्हता. भाऊबीजेला दोघं बारडोलीला निघाली तेव्हा तिने फराळाच्या डब्यावर तो अंक ठेवला, नव्या रुमालात बांधून. लेकीचं कौतुक विहिणीला दाखवायला.

तिथे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. परत आल्यावर सरलाबाई चुलीपाशी बसली आणि तिने ते मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार होती?

जेवणं झाल्यावर कलाबाई म्हणाल्या, योगराज, वाच की भाचीची गोष्ट. घरातले सगळे गोळा झाले. योगराज वाचू लागला. नावं वेगळी होती, गाव वेगळं होतं. सगळे हसत होते. मग कथेत प्लेग आला. सगळ्या गावाने दारं लावलेली असताना एकटी एक म्हातारी दार उघडते, असं आलं. योगराजचा आवाज खाली गेला. त्याने पान उलटायला घेतलं.

"थांबू नको," कलाबाई म्हणाल्या. "वाच."

त्याने वाचलं. आडोसा, वाकडं मनगट, नणंदेसाठी भावजयीने केलेले मांडे, आणि सून पसंत केल्याच्या तोऱ्यात मिरवणारी ती भाबडी म्हातारी. भाबडी हा वर्षाचा शब्द.

कलाबाई उठल्या. त्यांनी चंचलचा डावा हात धरला, बांगड्या वर सरकवल्या आणि मनगट फिरवून पाहिलं. ते फिरलं नाही.

"पंधरा वरीस मी मन्हा पितरस्ले दुसरीना हातना मांडा चढाया," त्या सरलाबाईला म्हणाल्या. "आनि त्या दिन मी दार उघाडं. तुम्हनासाठी." मग चंचलकडे वळून म्हणाल्या, "आते आखाजीले माहेर जावानं काम नही."

एवढंच. शिवी नाही, आरडाओरड नाही. सरलाबाईला ते जास्त लागलं.

वर्षा पुण्याहून आली ती पेढे घेऊन. आईने पेढा घेतला नाही. "आई, मी नावं बदलली होती," ती म्हणाली. "आणि गोष्ट चांगलीच आहे ना? वाचून लोक रडतात. तुझं किती मोठेपण आहे त्यात!"

"नाव बदलं वं तू," सरलाबाई म्हणाली. "मनगट कोठे बदलं?"

वर्षाला रडू आलं. मनापासून रडली, हे मी सांगायला हवं. पण माझ्याकडे तिने पाहिलं नाही. माझी आण घेतली होती हे तिला आठवत होतं की नव्हतं, कोण जाणे. सरलाबाईने सांगितलं तसं, कथेत तिने सगळं घातलं होतं, जाळ, आडोसा, माझी काळी पाठसुद्धा. आण तेवढी गाळली होती.

पुढच्या आखाजीला चंचल आली नाही. सरलाबाईने मांडे केले नाहीत, मी फळीवरच राहिलो. पावसाळ्यानंतर वर्षा पुन्हा आली. तिचं पुस्तक निघणार होतं, मुखपृष्ठावर खापराचा फोटो हवा होता. मला वाटलं, सरलाबाई नाही म्हणेल. पॅसेंजरमध्ये मला मांडीवर घेऊन बसलेली बाई ती. पण ती म्हणाली, "लई जा. आते मन्हा काय कामनं?" आणि पाठ करून भांडी घासत बसली. एकीने आण मोडली, दुसरीने मला देऊन टाकलं. यातलं कुठलं जास्त दुखलं, ते अजून माझं ठरत नाही.

फोटोग्राफर मला "माटलुं" म्हणत होता. "बेन, माटलुं जरा आ बाजू मूको ने!" माटलुं म्हणजे पाण्याचा माठ. तेही सोसलं. पण नुसती काळी पाठ फोटोत उठत नाही म्हणाला, म्हणून वर्षाने मला ऑइल पेंट दिला. आधी गेरूसारखा लाल, त्यावर पांढरी नाचणारी माणसं, त्यावर चकचकीत व्हार्निश. पुस्तक निघालं. मी तिच्या दिवाणखान्यात लिहायच्या टेबलाशेजारी उभा राहिलो, तोंड वर करून, पोटात वाळलेलं गवत खोचून. जन्मभर पालथं राहिलेल्या खापराला उताणं ठेवलं की त्याला काय वाटतं, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती सांगते, "या खापराने मला लेखिका केलं."

यंदा, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या आखाजीच्या दोन दिवस आधी, दुपारी दाराची बेल वाजली. दारात चंचल. डोक्यावर पदर, हातात रिकामं टोपलं. दोन वर्षांनी तिला पाहिलं. बांगड्या कमी केल्या होत्या, मनगट उघडं होतं.

"भाबीकडे गयथू. ती बोलनी, खापर तुन्हाकडे शे."

वर्षा गोंधळली. चंचल खुर्चीवर न बसता खालीच टेकली आणि तिने सांगितलं. सासू परवा आपण होऊन बोलली होती. म्हणाली, "फाटेल ऱ्हायना तरी चाली, वाकडा ऱ्हायना तरी चाली. पन औंदा मांडा तुन्हा हातना पाहिजे." आणि म्हणाली, तुझ्या माहेरचं खापर घेऊन ये. भावजयीलाही बोलाव, पण ती जाळ घालेल.

माझ्या अंगात आव्याची ऊब परत आल्यासारखं झालं. फाटके मांडे! मी कितीतरी सांभाळले असते.

चंचलने मला दोन्ही हातांत घेतलं. गवत काढून बाजूला ठेवलं. मला पालथं केलं, पाठीवरून बोट फिरवलं, नखाने रंग खरवडून पाहिला, नाकाशी नेऊन वास घेतला. मग हळूच होतं तिथे ठेवलं.

"हाई चुल्हावर चालाव नही, पोरी. रंग जळी. पितरस्नं जेवन शे."

"आत्या, मी नवं आणून देते. अगदी तसंच."

"नवं मी लेसू." ती उठली, टोपलं काखेत मारलं. दारात थांबून तिने विचारलं, "हाई बी लिखशी का?"

"नाही, आत्या! शपथ," वर्षा म्हणाली आणि तिने सवयीने हात माझ्यावर ठेवला. मधे व्हार्निश होतं, मला तिचा तळवा लागला नाही.

चंचल गेली. वर्षाने दार लावलं. मग टेबलाशी बसली, कोरे कागद ओढले, पेनाचं टोपण काढलं. मला वाचता येत नाही. पण दोन-चार ओळी झाल्यावर ती थांबली, तिने स्वतःचा डावा हात समोर धरला, मनगट इकडून तिकडे फिरवून नीट निरखलं, आणि पुन्हा लिहू लागली.

तुम्ही म्हणाल, तूही आत्ता सगळं सांगितलंसच की. सांगितलं खरं. माझ्याकडून मात्र कुणी आण घेतली नव्हती.

माझं एकच मागणं आहे. रंग आता निघायचा नाही, चूल मला पुन्हा दिसायची नाही. पण अडाजणला त्या घरी कधी गेलात, तर कुणाचं लक्ष नसताना ते गवत काढा आणि मला पालथं घाला. या जागेवरून तिचं टेबल समोरच दिसतं, आणि मला ते बघायचं नाही.