माझ्याआडची म्हातारी

टण्ण! वाटीवर चमचा वाजला आणि खोलीतली शांतता मोडली. रश्मी माइकसमोरून उठली, मला बाजूला सारून बाहेर गेली. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

मित्रांनो, मी अमरावतीच्या या घरातली एक जुनी रजई. हल्ली मला कुणी पांघरत नाही. मी खोलीत दोरीवर टांगलेली असते. रश्मीचा आवाज घुमू नये म्हणून तो पिऊन घेणं, हे माझं काम. माझ्या पोटात तेल्हाऱ्याचा कापूस आहे. अकोल्याच्या गुलाम नबी पिंजाऱ्यांनी तो पिंजला, अनीसाबींनी टाके घातले. "भाभी, इसमें सर्दी घुसके तो बताए," असं त्या वच्छलाबाईंना म्हणाल्या होत्या.

वच्छलाबाई म्हणजे रश्मीच्या सासूबाई. रश्मी कॉलेजच्या एकांकिकांत सगळ्यांना हसवायची. लग्नानंतर रंगमंच सुटला, मग ती घरूनच जाहिरातींना, कार्टूनमधल्या कोल्ह्याला आवाज देऊ लागली. लेक आचल पाळण्यात झोपली की लिहायचं, ती उठायच्या आत बोलून टाकायचं. अशाच एका दुपारी तिनं माझ्याआड एक म्हातारी उभी केली. दूधवाल्याशी भांडणारी, टीव्हीतल्या बाईलाही दम देणारी. लोक मोबाइलवर ऐकून पोट धरून हसले. आवाज हुबेहूब सासूबाईंचा होता!

एक दिवस वच्छलाबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. भीतीनं माझे टाके आवळले.

"हे मी हावो काय वं?"

"आत्याबाई, ते... सहजच..."

"सहज काय! मी असी मिळमिळीत भांडतो काय? 'दुधात पानी हाये' नाही म्हनत मी. 'पान्यात जरासं दूध सांडलं वाटते, बाप्पा!' असं म्हनतो. लिवून घे."

तेव्हापासून मेथी निवडता निवडता दोघी मिळून म्हातारीची भांडणं रचायच्या. माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

गेल्या पोळ्यानंतर वच्छलाबाईंना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही. डाव्या हातानं वाटी वाजवून बोलावतात. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच तुमच्याकडे मागणार होते. आता आणखी एक मागते. घरातलं माणूस बोलत असेल तेव्हा त्याला मध्येच तोडू नका. पुरतं ऐकून घ्या.

तिकडे म्हातारीचे भाग काढणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे फोनवर फोन. "म्हातारीचा नवा भाग आज द्या, नाहीतर आम्ही दुसरा आवाज बघतो." रश्मी बसायची, उठायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. पहिल्या वाक्यालाच अडायची.

"त्या तिथं मुक्या बसल्या आणि मी इथं त्यांच्याच आवाजात बोलू? मले नाही जमत," ती नवऱ्याला, विपुलला म्हणाली.

"मंग आईलेच विचार ना."

"विचारू कसं?"

आज चौथ्यांदा वाटी वाजली तेव्हा वच्छलाबाईंना पाणी नको होतं, गोळीही नको होती. त्यांनी खोलीकडे बोट दाखवलं. रश्मीनं त्यांना धरून आणलं, माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं. पाच वर्षांची आचल मागोमाग आली आणि आजीच्या पायाशी बसली.

रश्मीनं कागद उचलला. ती माइकजवळ सरकली. मग एकदम म्हातारी बोलू लागली, खणखणीत, तावातावानं. मी श्वास रोखून ऐकत होते. समोर वच्छलाबाईंचे ओठ हलत होते. वाक्यावाक्याला, शब्दाशब्दाला. नुसतेच. डावा गाल हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसण्याचं की कशाचं, मला कळेना. रश्मी त्यांच्याकडे बघत बोलत राहिली, शेवटच्या शब्दापर्यंत.

भाग पूर्ण झाला. आचल कधी आजीच्या तोंडाकडे बघत होती, कधी आईच्या. मग तिनं आईचा पदर ओढला.

"आई, आजीचा आवाज तुह्याच जवळ हाये ना? मंग तिले वापस काहून नाही देत?"