परातीतली कावेरी

आडी महिना, नदी दुथडी भरण्याचा, आला; कावेरी काही आली नाही.

मेट्टूर धरणाची दारं बंद, तिरुवैयारूच्या घाटाखाली नुसती वाळू, आणि वाळूत बकऱ्या. नेमक्या अशा साली राजवाड्यामागच्या मराठी मंडळाला दरवर्षीच्या फोटो-प्रदर्शनासाठी विषय सुचला: ‘भरली कावेरी’. फोटो निवडणार रघोजीकाका, शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गल्लीतल्या वत्सलाचे फोटो त्यांनी दोन वर्षं परत पाठवले होते.

“खेळणी मांडायची नि त्यांचा फोटो काढायचा? हे कोलूचं काम गे. नवरात्रात ये.”

वत्सलाला झोंबलं, कारण ते खरं होतं. नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांशेजारी नाचणीचं गवत उगवायचं, आरशाचं तळं करायचं, हे ती सहाव्या वर्षापासून करत होती. आता ती तेच कॅमेऱ्यातून बघायची, एवढंच. पण यंदा बाबांनी, नटराजरावांनी, निर्वाणीचं सांगितलं होतं, “फोटो भिंतीवर लागला तर कॅमेरा तुझा. नाही लागला तर तो कपाटात, आणि तू बँकेच्या परीक्षेला.”

मग गच्चीवर कावेरी उतरली. आत्याच्या परातीत आरसा, आरशावर बोटभर पाणी. नव्या कलर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या घाटपायऱ्या, त्यांना तव्याखालची काजळी. केरसुणीच्या काड्यांची माडबाग, काठाला नाचणीचे कोंब, घाटावर कलता पिंपळ म्हणून तुळशीची वाळकी फांदी. हळदीत बुडवलेलं वेष्टीचं धोतर दोरीवर टाकलं, त्यातून ऊन गाळलं. सांब्राणी धुपाचा धूर सोडला, धुकं झालं. राजम आत्या गुडघ्यांवर बसून पाण्यावर फुंकर घालत होती.

“हळू, आत्या! लाट हवी, तुफान नको.”

“जीव माझा, फुंकर माझी. वर बोलतेस!” म्हणत आत्यानं ओवी धरली:

अडली गं कावेरी धरणाच्या दारात
भाचीनं बसविली माझ्या गं परातीत

आडीच्या अठराव्या दिवशी सकाळी वत्सलानं फोटो काकांपुढे ठेवला. काकांनी नकाराला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चष्मा काढला, पुसला, लावला.

“हा आपला घाट. हा कलता पिंपळ! ह्याच्याखाली माझी सोडमुंज झाली.” त्यांचा आवाज ओला झाला. “पाणी कधी आलं गे?”

वत्सलानं खरं सांगायला श्वास घेतला, पण जीभ आधीच पळाली. “फोटोत तर आलंय, काका.”

“पेपरात धरण बंद म्हणून छापलंय.”

“होय की.”

“पेपरवाल्यांना काय कळतंय! गपचूप सोडलं असेल.” काका उठले, टॉवेल घेतला, तांब्या घेतला, आणि गल्लीभर आरोळी दिली, “कावेरी आली रे!”

तो दिवसच भरल्या नदीची पूजा करायचा. बायकांनी चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात डब्यांत भरला आणि सगळी गल्ली तिरुवैयारूच्या बसमध्ये चढली. वत्सला मागून ओरडत राहिली, “काका, थांबा! काका!” कंडक्टरची शिट्टी तिच्यापेक्षा मोठी निघाली.

दुपारी सगळे परत आले. काकांच्या पायांना वाळू, तांब्या कोरडा. ते तडक गच्चीवर चढले. मागे डबे घेतलेल्या बायका, त्यांच्यामागे बाबा.

“कुठाय नदी?”

वत्सलानं बोटानं परात दाखवली. बायकांत खसखस पिकली. “अय्यो, ह्यात मास्तर अंघोळ करणार होते?” कामाक्षीकाकू म्हणाल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी स्टँडवरच्या कॅमेऱ्याकडे हात नेला.

“थांब रे नटराज.” काकांनी वाकून डोळा कॅमेऱ्याला लावला. बराच वेळ लावला. आत पाहिलं, बाहेर परात पाहिली, पुन्हा आत पाहिलं. मग ताठ झाले.

“मंडळाकडे एकोणीस फोटो आलेत. सगळे मागल्या वर्षांचे, सगळे खऱ्या नदीचे. एकानं तरी मला खुर्चीतून उठवलं? हिनं मला बसमध्ये घातलं, तेही उभं!”

“म्हणजे... लागणार?” वत्सला पुढे सरकली.

“हा नाही लागणार. चूक आहे ह्यात.” काका परातीपाशी मांडी घालून बसले. “खालची पायरी डावीकडे फुटकी आहे. आजच बघून आलोय.” नखानं त्यांनी थर्माकोलचा टवका उडवला, मान तिरपी करून पाहिलं, अजून एक उडवला. “आता काढ. नदी खोटी चालेल, घाट खोटा नको. रविवारी दाराच्या समोरच लावतो.”

बाबांनी हात मागे घेतला आणि तो नकळत स्वतःच्याच डोक्यावरून फिरवला.

एवढ्यात कामाक्षीकाकूंनी पदर खोचला आणि नदीला वाहायला नेलेली हळद-कुंकवाची पुडी परातीवर सोडली. काळे मणी, ताडपानाचं कर्णफूल, मागोमाग चिमूटभर चिंचेचा भात.

“काकू, हात काढा!” वत्सला कॅमेऱ्यामागून ओरडली. “फोटोत भाताची शितं येतायत!”

“येऊ दे गे,” काकू म्हणाल्या. “उपाशी राहिलीय वर्षभर.”