वर केलेला हात

"सर, तुम्ही हात खाली घ्या बघू," रसायनशास्त्राच्या बाई हसत म्हणाल्या. "तुमचं काय असेल ते आपण स्टाफरूममध्ये बघू."

अख्खा वर्ग खिदळला. शेवटच्या बाकावर, विशीही न गाठलेल्या पोरांच्या रांगेत, अठ्ठावन्नाला टेकलेला गणिताचा मास्तर हात वर करून बसलेला. हसणार नाहीत तर काय? मीही हसलो, हात खाली घेतला आणि वहीत उगीचच एक रेघ मारली.

ही सगळी प्राचार्यबाईंची करणी. दोन वर्षं निकाल घसरला, तेव्हा त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येक शिक्षकाने आठवडाभर दुसऱ्याच विषयाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं, पोरांसारखं शिकायचं आणि शनिवारी एक पान खरंखुरं लिहून द्यायचं. स्टाफरूममध्ये बोंबाबोंब झाली. "आता या वयात अंगठे धरून उभं करा, म्हणजे झालं," असं सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो होतो. निवृत्तीला चार महिने उरलेले. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी चूं केलं नव्हतं. माझ्यात सुधारण्यासारखं काय राहिलं होतं?

पहिल्याच दिवशी कळलं की शेवटच्या बाकावरून फळ्याचा खालचा भाग दिसतच नाही. पुढे नुसती डोकी. आणि मी उदाहरणाचं उत्तर नेहमी तळाशी, उजव्या कोपऱ्यात लिहितो. वर पट्टी लावून त्याला चौकट आखतो. मागच्यांनी ती चौकट एकतीस वर्षांत कधी पाहिलीच नसणार.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "कळलं ना सगळ्यांना?" सगळं माझ्या डोक्यावरून गेलं होतं, पण माझी मान हलली. मी हलवली म्हणावं तर तसंही नाही, ती आपली आपणच हलली. शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुम्हालापण नाही ना कळलं?"

"कशावरून?"

"लगेच मान हलवलीत ना."

तिसऱ्या दिवशी मात्र एका ठिकाणी गाडी अशी अडली, की ते एक कळलं असतं तर पुढचं सगळं सुटलं असतं. म्हणून हात वर केला, आणि बाईंनी तो खाली घ्यायला लावला. त्यांचा दोष नाही. वर्गासमोर एका ज्येष्ठाला शिकवायचं त्यांच्या जिवावर आलं असेल. तास संपल्यावर मी त्यांना गाठायला गेलो, तर त्या प्रयोगशाळेकडे धावत होत्या. "उद्या नक्की हं, सर," म्हणाल्या. माझा प्रश्न जिन्यात माझ्यापाशीच राहिला.

आणि तिथेच, जिन्यात, मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण बाईंचं ते 'हात खाली' मी पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ते माझ्याच तोंडचं होतं.

माझी लेक सोळा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होती. गावात कॉलेज एकच, गणिताची तुकडी एकच, इलाज नव्हता. तिला गणिताचीच शिक्षिका व्हायचं होतं. लहानपणापासून कपाटाच्या दारावर खडूने लिहून आईला बेरजा शिकवायची. मी नाकासमोर चालणारा माणूस, कोणी वशिल्याचं नाव काढेल याची मला धास्ती. पहिल्या दिवशीच तिला बजावलं, "पुढे बसायचं नाही. वर्गात मी तुझा बाप नाही." ती शेवटच्या बाकावर बसली. आणि मग एकदा तिने हात वर केला. मी फळ्याकडे वळता वळता म्हणालो, "हात खाली. तू घरी विचार."

या न्यायाचा मला केवढा अभिमान! स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला होता, आणि लोकांनी माझी पाठही थोपटली होती.

त्या वर्षी ती गणितात नापास झाली. पुढच्या वर्षीही. मी म्हणालो, तिचा कल नाही. मग तिने दुसराच कुठला तरी कोर्स केला. आता सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. लग्न झालं, सगळं ठीक आहे. दर रविवारी येते, माझी औषधं डबीत भरून जाते.

घरी गेलो आणि हिला विचारलं, "पोरीने तेव्हा मला घरी कधी काही विचारलं होतं का गं?"

ही भाजी निवडत होती. हातातली जुडी तिने खाली ठेवली.

"सोळा वर्षांनी बरी आठवण झाली."

"अगं, सांग ना."

"आली होती की वही घेऊन. तुम्ही पेपर तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, वर्गात लक्ष कुठे असतं तुझं? मग स्वयंपाकघरात आली. मला म्हणाली, आई, बाबा वर्गात म्हणतात घरी विचार, घरी म्हणतात वर्गात लक्ष दे. मग मी विचारायचं कुठे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मला कुठे येतंय तुमचं गणित."

हिने जुडी परत उचलली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पहिल्या वर्षाचं पुस्तक, कोरी वही आणि पेन पिशवीत घातलं आणि दवाखान्यात गेलो. मला एवढंच हवं होतं, की तिचा तो प्रश्न कोणताही असो, आज त्याचं उत्तर द्यायचं. उशीर झाला होता हे मला समजत होतं. तरीही उत्तर द्यायचंच होतं.

चार नंबरच्या खिडकीपुढे पंचवीस-तीस माणसं होती. मी रांगेतच उभा राहिलो. मधे घुसलेलं तिला खपत नाही, ते माझ्याकडूनच उचललंय. तासाभराने माझा नंबर आला.

"बाबा?" तिचा चेहरा उतरला. "आईला काही झालं का?"

"नाही गं, सगळं बरं आहे. मला तुला एक विचारायचं होतं."

"आत्ता? अहो, मागे केवढी रांग आहे. रविवारी येतेय ना मी, घरी बोलू."

"घरी नाही," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा, मागची बाई डोकावून बघायला लागली. "इथेच सांग. पहिल्या वर्षाला तू माझ्या वर्गात हात वर केला होतास. तुझा प्रश्न काय होता?"

तिने हातातले कागद टेबलावर आपटून सारखे केले. ते सारखेच होते.

"बाबा, सोळा वर्षं झाली."

"असू दे. मी पुस्तक आणलंय. कुठल्या धड्यातला होता तेवढं सांग, मी सगळं पहिल्यापासून सांगतो."

"आठवत नाही."

"आठवून बघ, बाळ."

"खरंच नाही आठवत. रागाने नाही म्हणत मी." तिचा आवाज अगदी साधा होता. "हात वर केला होता, तेवढं आठवतं. तुमचं लक्ष जाईना, म्हणून तसाच ठेवला होता. दुखायला लागला, तेव्हा दुसऱ्या हाताने कोपर धरलं होतं."

माझ्या पिशवीत उत्तर होतं, आणि प्रश्नच उरला नव्हता. मला 'चुकलं माझं' म्हणायचं होतं. तेवढेसुद्धा दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. माझ्या मागून एक म्हातारा पुढे सरकला आणि त्याने चिठ्ठी खिडकीतून आत दिली. मी बाजूला झालो.

"आजोबा, हे बघा," ती त्याला सांगू लागली. "आधी बारा नंबरच्या खोलीत जायचं. तिथे रक्त काढतील. मग हाच कागद घेऊन वर डॉक्टरांकडे."

"बरं, बरं," म्हणत म्हातारा निघाला.

"थांबा, आजोबा. आता तुम्ही मला सांगा. आधी कुठे जाणार?"

म्हातारा गोंधळला. "वर?"

रांगेत कुणीतरी च्यक् केलं. तिने तिकडे पाहिलंही नाही. कागद उलटा केला, पाठीमागे एक लांब रेघ ओढली, रेघेच्या टोकाला जिना काढला आणि जिन्याच्या अलीकडे एक दार.

"हा आपला बोळ. आत्ता तुम्ही इथे उभे आहात. हा जिना दिसला, की चढायचं नाही. त्याच्या अलीकडचं दार. आत जाऊन काय करायचं?"

"रक्त द्यायचं."

"आणि मग?"

"मग जिना. वर डॉक्टर." म्हाताऱ्याने रेघेवर स्वतःचं बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मास्तरीण आहेस काय गं पोरी? कुणी एवढं नीट सांगत नाही."

"नाही हो, आजोबा," ती म्हणाली. "मी इथेच असते."

माझ्याकडे न बघता तिने पुढचा नंबर पुकारला.