सकाळची गोळी

नऊ वर्षांची प्रेरणा चार महिन्यांत एकदाही हसली नव्हती. किडलेल्या दाढा ठणकू लागल्या की ती स्वतःचीच मूठ चावायची. बोलता येत नसल्यामुळे तेवढेच सांगणे तिच्या हाती होते. पूर्वी घास पुढे केला की ती आधी खदखदून हसायची आणि निम्मी दूध-भाकर अंगावर सांडायची. ते सांडणे पुन्हा पाहायला तिच्या आईचा, सरिताचा, जीव आसुसला होता.

प्रेरणाला लहानपणापासून फिट येत आणि हृदयही नाजूक होते, म्हणून तिच्या दातांना हात लावायला कोणी धजावत नसे. अखेर शहरातल्या या मोठ्या रुग्णालयाने पूर्ण भूल देऊन उपचार करायचे ठरवले. तारीख मिळायला अडीच महिने गेले. आज आईवडील तिला घेऊन सोयगावहून आले होते.

"फिटची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली ना?" भूल देणाऱ्या डॉक्टर अजरा मॅडमनी विचारले.

प्रेरणा गोळी फक्त गुळात चुरून घेत असे. त्या गुळानेच दात गेले, हे कळल्यापासून सरिताने धसका घेतला होता. त्यात उपाशीपोटी आणायची ताकीद. आज तिने गोळी दिलीच नव्हती.

"व्हय म्हण की," नवरा मोतीराम कानाशी पुटपुटला. "तारीख जाईल."

"नाय दिली, मॅडम. चुकलं माझं."

"घ्या! आता चला माघारी," मोतीराम म्हणाला.

"दादा, त्यांनी सांगितलं ते बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "भुलीत फिट आली असती तर हिच्या हृदयाला झेपलं नसतं. आता औषध सुईतून देते. पण ते लागू पडायला वेळ लागेल, म्हणून हिचा पहिला नंबर गेला. दुपारी वेळ उरला तर घेऊ, नाहीतर नवी तारीख."

दुपार सरत गेली. एक मुलगी गुंगीतच बाहेर आली, तोंडात कापूस, आणि आईच्या गळ्यात पडली. सरिता त्या आईकडे पाहतच राहिली.

तीन वाजता मॅडमनी हाक मारली. प्रेरणा आत गेली, दार लागले.

"बस की आता," मोतीरामने बाकावर सरकून जागा केली. "सकाळपासून उभीच हायेस."

"नगं. जागी झाली की बोलावत्याल. पयलं मीच दिसाया पायजे तिला."