वाचलं असं धरू या

मी इतिवृत्ताची वही बोलतेय. लाल कापडी बांधणी, दोनशे क्रमांकित पानं. कोणी पान फाडू नये म्हणून हे क्रमांक. पण फाडायची गरजच काय, लिहितानाच थापा मारता येतात ना!

कंपनीच्या संचालकांच्या बैठकीत जे बोललं जातं ते माझ्यात उतरावं, एवढंच माझं काम. आमचे चिटणीस मात्र बैठकीच्या आदल्या दिवशीच मला लिहून मोकळे होतात. मागचं पान बघायचं, तारीख बदलायची, की झालं. या नकलेपायी मी एकाच दिवंगत संचालकांना लागोपाठ दोन वर्षं श्रद्धांजली वाहिली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. कारण बैठक सुरू होताच अध्यक्षसाहेब म्हणतात, "मागचं इतिवृत्त वाचलं असं धरू या," आणि सही ठोकतात. वाचतंय कोण, कपाळ!

मग संचालक मंडळावर एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. वार्षिक अहवाल मंजुरीला आला तेव्हा बाईंनी हिशेब तपासनिसांना विचारलं, "गोदामात एवढा माल आहे म्हणता. स्वतः आत जाऊन बघितलंत का?"

"यादी बघितली ना, बाई."

"नुसता हजेरीपट बघून वर्गात मुलं आहेत, असं मी कधी मानलं नाही. माझा विरोध लिहून घ्या."

"लिहितो, बाई," चिटणीस म्हणाले. मला केवढा आनंद झाला! पण माझ्यात 'सर्वानुमते मंजूर' आदल्या दिवशीच लिहून झालं होतं. ते खोडायचं तर साहेबांना सांगणार कोण? तसंच राहिलं. पुढच्या बैठकीला बाई आजारी होत्या आणि साहेबांनी तेही पान वाचलं असं धरलं.

गोदाम उघडलं तेव्हा आत रिकाम्या खोक्यांशिवाय काही नव्हतं. आज चौकशी आहे. अधिकाऱ्यांनी मला बाईंसमोर उघडून ठेवलंय.

"मी 'नाही' म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

"इथे तर हजर संचालकांत तुमचं नाव आहे, आणि खाली सर्वानुमते. कागद काय खोटं बोलतो?"

बोलतो हो, बोलतो! पण मला ओरडता येत नाही. जन्मभर मुलांना खोटं बोलू न देणाऱ्या बाई माझ्यामुळे खोट्या ठरताहेत. लाज वाटते मला, आणि संतापही येतो.

चिटणीस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या न्याहाळताहेत. अहो चिटणीस, अक्षर तुमचंच आहे. आता तोंडही उघडा.