बॅटरी किती हाय?

मंगळवारी दुपारी पावणेतीनला सयाजी थोपटे यांचा फोन बंद झाला. त्या वेळी ते घरी नव्हते.

सयाजी त्र्याहत्तर वर्षांचे. चिंचवडच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. वर्षभरापासून त्यांना विसरायला होत होतं. कंपनी मात्र ते विसरत नव्हते. जुना निळा शर्ट चढवायचे आणि रहाटणीच्या चौकात शिफ्टच्या बसची वाट बघत उभे राहायचे. सून वर्षाली त्यांना परत आणायची. शेवटी तिचा नवरा, थोरला मुलगा धनेश याने त्यांचा बटणांचा फोन काढून घेतला आणि नवा दिला. बाबा कुठे आहेत ते धनेशला आपल्या फोनवर नकाशात दिसेल, अशी सोय त्यात करून घेतली.

पण नव्या फोनची बॅटरी संध्याकाळ गाठत नव्हती. धनेश तो काळेवाडीत उमरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला.

"नवा आहे भाऊ. चार दिवस लागतात सेट व्हायला."

"चाराचे वीस झाले, राव."

उमरने बॅटरी तपासली. ठणठणीत निघाली. "लोकेशन चालू आहे, ते थोडं खातं. पण एवढं नाही खात."

मग सगळेच बॅटरीवर लक्ष ठेवू लागले. वाकडहून धाकटा दिग्विजय फोन करायचा, नाशिकहून मुलगी दिव्या करायची. सयाजी वैतागायचे. "मी बरा हाय का न्हाई ते कुणी इचारत न्हाई. बॅटरी किती हाय, बॅटरी किती हाय!"

मंगळवारी वर्षाली मुलीला शाळेतून आणायला गेली, तेवढ्यात ते निघाले. धनेश चाकणला पहिल्या शिफ्टला होता. तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. सुटल्यावर तो हातात आला तेव्हा वर्षालीचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. नकाशात बाबांचा दोन वाजताचा ठिपका काळेवाडी फाट्यावर थांबलेला होता. त्याने वर्षालीला फोन करून तिथे जायला सांगितलं.

कंपनीच्या बसने तो फाट्यावर उतरला. पायात अजून सेफ्टी शूजच होते. वर्षाली तिथेच उभी होती. रिक्षावाले, चहावाले, समोरचा दवाखाना, सगळीकडे तिचं विचारून झालं होतं.

"तुम्ही काही खाल्लंत का?"

"नंतर."

दोघांनी पुन्हा तीच दुकानं विचारली. सहाच्या सुमारास ऑफिसातून मोकळ्या झालेल्या दिग्विजयने घरच्या ग्रुपवर नकाशाचा फोटो टाकला. त्यात ठिपका भोसरीत होता, अडीचचा. पाठोपाठ दिव्याचा फोटो आला. तिचा ठिपका मोशीत होता, पावणेतीनचा.

धनेशने भावाला फोन लावला. "तुला कसं काय दिसतंय?"

"मी माझं वेगळं ॲप टाकलं होतं ना दादा, फोन घेतला त्याच आठवड्यात. तू शिफ्टला असतोस, तुला सारखं कुठे विचारायचं."

"आणि दिव्याने?"

"तिनेही टाकलं असेल. मला नाही बोलली."

धनेशने फोन ठेवला. तीन ॲप दिवसभर त्या एका फोनला विचारत होती, बाबा कुठे आहेत. एवढं नाही खात, असं उमर म्हणाला होता. एकच असतं तर खरंच खाल्लं नसतं.

"मोशी म्हणजे ते चाकणच्या बसमध्ये बसलेत," वर्षाली म्हणाली. "दुसऱ्या शिफ्टच्या."

त्याच रस्त्याने धनेश मघाशी आला होता. खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून.

दिग्विजय पोलिसांकडे गेला. धनेश वर्षालीची स्कूटर घेऊन परत चाकणकडे निघाला. आठला दुसऱ्या शिफ्टच्या एका बसच्या ड्रायव्हरशी त्याचं बोलणं झालं. निळ्या शर्टातले एक आजोबा चाकणच्या तळेगाव चौकात उतरले, असं ड्रायव्हरने सांगितलं. घाईत होते, आज उशीर झाला, म्हणत होते. ते कुठल्या बाजूला गेले, हे त्याने पाहिलं नव्हतं.