चषकावरचा पहिला कप्तान

कॅनडातल्या किचनरजवळच्या आमच्या छोट्या संग्रहालयात डीनने चषक आणून टेबलावर ठेवला. डीन मूळचा वसईचा, इथल्या हौशी फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी. चषक व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. गावातल्या कारखान्यांचे कामगार त्यासाठी खेळत, आणि जिंकलेल्या कप्तानाचं नाव त्यावर कोरलं जाई.

मला पहिलं नाव हवं होतं. गावातल्या एल्डन बाउमन यांचे पणजोबा पहिले कप्तान होते, असं त्यांच्या घरात सांगत आले. गावात कुणी मानत नव्हतं. त्या वर्षाची वर्तमानपत्रं मिळत नव्हती, त्यामुळे चषकच काय तो उरला होता. बाउमन नव्वदीला आले होते.

चषकाचा पोटाकडचा भाग, जिथे पहिली ओळ असायची, गुळगुळीत होता.

"घासलात?"

"मग काय बाय, काळाकुट्ट घेऊन येऊ? जिंकणाऱ्याच्या घरच्यांनी घासूनच परत द्यायचा, ही पहिल्यापासूनची रीत. माझ्या बायकोने, शर्लिनने तर हात दुखेपर्यंत घासला."

"आणि तिच्याआधी इतक्या घरांनी."

"चकाकतोय ना?"

चकाकत होता. तिरप्या उजेडात पाहिलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अक्षर ठोकून उमटवलेलं असेल, तर खालचा धातू दबलेला राहतो. झिजलं तरी कधी कधी आम्लाने ते वर आणता येतं. पण इथली नावं कोरलेली, आणि कोरताना धातू निघूनच जातो. खाली काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी बाउमन टाय लावून आले. डीनने खुर्ची ओढली. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ते नव्हते?" त्यांनी विचारलं.

"तसं म्हणता येत नाही."

"म्हणजे होते."

"तसंही नाही म्हणता येत."

"तू शिकलेली आहेस. तू होते म्हणालीस तर लोक मानतील."

"होतेच ते, सगळ्या क्लबला माहितीय," डीन त्यांना इंग्रजीत म्हणाला. मग मला मराठीत, "म्हण ना बाय. तुझं काय जातंय?"

बाउमन डीनकडे पाहतच नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

"मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "सॉरी."

त्यांनी मान हलवली, ते उठले आणि त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली. वरचं बटण लागेना. मी मदतीला वाकले, तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.